सहा आण्यांचं खिंडार

आमच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं असतं. हात हलवायचा नाही, मान डोलवायची नाही, फक्त पहिलं बोट उचलायचं. आयर्लंडमध्ये, किलकेनी शहरापासून सोळा मैल आत, जिथे दोन गाड्या एकमेकींना ओलांडताना एकीला झुडपात शिरावं लागतं, तिथे हाच नमस्कार आणि हीच ओळख. मी या रस्त्यावर चार वर्षं गाडी चालवतोय. मला बोट मिळत नाही असं नाही, पण ते अर्धं मिळतं. समोरचा लांबून गाडी बघून बोट उचलतो, आणि जवळ आल्यावर आत माझा शेजारी संग्राम नाही हे त्याला दिसलं की ते बोट निम्म्यातूनच खाली बसतं. दोघांच्या गाड्या करड्या आहेत, त्याचा हा परिणाम.

नॉकडफला, म्हणजे या गावाला, आधी मी आलो, हे एकदा सांगून टाकतो. डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला संग्राम आणि मी एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर होतो. घरून काम करायची मुभा मिळाली, बायकोला, सुचित्राला, किलकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टरची जागा मिळाली, म्हणून मी हे घर शोधलं. शेजारचं घर विकायला निघालंय हे संग्रामला फोन करून सांगणाराही मीच शहाणा. वर्षभरात तो गावच्या हर्लिंग क्लबचा जोडचिटणीस झाला. हर्लिंग म्हणजे काठ्या घेऊन नियमाने केलेली मारामारी. कोल्हापूरच्या माणसाला ती लगेच कळली. मी पुण्यात वाढलेला, मला अजून गोल कधी होतो तेही कळत नाही. त्यामुळे गावात तो संग्राम, आणि मी संग्रामच्या शेजारचा.

हेही मी चालवून घेतलं होतं. पण या हिवाळ्यात त्याने माझा बाप पळवला, आणि ते मला सहन झालं नाही.

आप्पा जानेवारीच्या सुरुवातीला आले. वय पंच्याहत्तर, सांगली जिल्ह्यात विट्याजवळ आमचं गाव. भूकरमापक म्हणून त्यांनी सदतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. आई गेल्यापासून ते एकटे असतात. दोन-अडीच महिन्यांसाठी या, असं मी दोन वर्षं मागे लागलो तेव्हा कुठे आले, आणि तेही पंधरा मार्चचं परतीचं तिकीट आधी बघून. मी त्यांच्यासाठी गरम कपडे आणले, खोलीत जास्तीचा हीटर बसवला, टॅबलेटवर मराठी बातम्या लावून दिल्या. पहिले तीन आठवडे ते कानटोपी घालून रेडिएटरशेजारी बसून राहिले. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "बरं हाय."

महिनाअखेरीला वादळ आलं. दीड दिवस वीज नव्हती. आमच्या आणि संग्रामच्या घरामधलं जुनं बीचचं झाड उन्मळून पडलं आणि पडताना मुळांबरोबर खालची मातीही उपटून घेऊन गेलं. दोन घरांच्या मध्ये छातीइतका उंच मातीदगडांचा लांबलचक उंचवटा आहे, वर काटेरी झुडपं. मी त्याला कुंपण म्हणत होतो. सकाळी आप्पांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि ताडकन उठले.

"आरं, बांध फुटला की रं!"

तीन आठवड्यांत त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं धड वाक्य. माझे गमबूट त्यांना मोठे होत होते. दोन जोड मोजे चढवून ते त्यात शिरले आणि बाहेर पडले. मी मोबाइलवरून मीटिंगमध्ये होतो. वरच्या मजल्यावर माझं टेबल खिडकीशी आहे, तिथून तो सगळा पट्टा दिसतो. संग्राम साखळी-करवत घेऊन फांद्या तोडत होता. आप्पा चिखलातून त्याच्यापर्यंत गेले, जमिनीवरची एक सरळ फांदी उचलली, वितीने मोजली आणि खिंडाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाकत गेले.

"सहा आण्याचं हाय," ते म्हणाले.

"काय सहा आणे, आप्पा?" संग्रामने करवत बंद केली.

"आमची साखळी तेहतीस फुटाची. तिचं सोळा भाग, एकेक भाग म्हंजी एक आणा. ह्ये सहा आणे. बारा फुटाच्या वर गेलं बघ."

"च्यायला, भारी की!" संग्राम म्हणाला, आणि आप्पा हसले. खिडकी थोडी उघडी होती, बोलणं ऐकू येत होतं, आणि ते हसूही. आई गेल्यानंतर मी ते ऐकलं नव्हतं. बाप हसतोय म्हणून मुलाला आनंद व्हायला हवा. मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की साखळीचे सोळा आणे असतात हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नव्हतं, पण ते मला तेव्हा आठवलं नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी नऊला आप्पा तिकडे. बांध पुन्हा उभा करायचा होता. पलीकडच्या शेतातला टॉम डिलेनी ट्रॅक्टरमधून दगड आणून टाकायचा आणि कसं रचायचं ते सांगायचा: मोठे दगड खाली, तोंडं आत कललेली, मध्ये माती ठासायची, वरून गवताची ढेकळं मुळांसकट थापायची. टॉमचं इंग्रजी मलासुद्धा निम्मं कळत नाही. आप्पांना चार शब्द येत असतील. तरी दोघं म्हातारे एकमेकांशी तासन्‌तास बोलायचे, एक दगड दाखवायचा, दुसरा मान हलवून वेगळा दगड दाखवायचा. संग्राम कामाच्या आधी तासभर आणि दुपारी तासभर फावडं मारायचा. पाऊस आला की तिघंही संग्रामच्या मागच्या दारात उभे राहायचे आणि त्याची बायको स्वरांगी चहाचे कप बाहेर आणून द्यायची. मी वरून बघायचो. स्क्रीनवर कुणीतरी मला प्रश्न विचारलेला असायचा आणि मी म्हणायचो, सॉरी, आवाज तुटला होता.

माझी नऊ वर्षांची रेवा शाळेतून आली की मी विचारायचो, आप्पा कुठे? "नेक्स्ट डोअर, बाबा. ही इज ग्रँड," म्हणजे मजेत आहेत, असं म्हणून ती बिस्किटं घेऊन जायची. कुठे, तर तीही नेक्स्ट डोअर.

एकदा जेवताना मी आप्पांच्या ताटात भाजी वाढायला गेलो, तर त्यांनी ताटावर हात धरला.

"स्वरांगीकडं भाकरी खाल्ली. ज्वारीची."

"आपल्याकडेही ज्वारीचं पीठ आहे, आप्पा."

"हाय खरं. थापतंय कोण?"

सुचित्रा बारा तासांची ड्यूटी करून आली होती, तरी ती खळखळून हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आप्पांच्या हातांना चिरा पडल्या होत्या. नखांत इथली काळी माती बसली होती, धुऊनही जात नव्हती. त्यांची भूक वाढली होती, झोप लागत होती, कानटोपी कुठेतरी हरवली होती. मी हीटर आणि थर्मल आणून जे झालं नाही, ते शेजाऱ्याच्या चिखलाने केलं. रविवारी मी ठरवलं, आपणही जायचं. नवे हातमोजे घातले आणि जाऊन बीचचे ओंडके फोडायला घेतले. तिसऱ्या घावाला कुऱ्हाड ओंडक्यात अडकली ती निघेना. पाय देऊन ओढली तर मीच मागे बसलो, ओल्या पाल्यात. संग्रामने येऊन एका झटक्यात ती सोडवली, आणि वर काही बोललाही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

"ऱ्हाऊ दे ज्ञानेश," आप्पा पलीकडून म्हणाले, "तुला फोन यील."

ते कळवळ्यानेच म्हणाले. पण रविवारी मला कुणाचा फोन येणार होता?

त्याच आठवड्यात संग्रामच्या फाटकावर कौन्सिलची पाटी लागली. इथे घराला एक खोली जोडायची असली तरी काउंटी कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो आणि तसं फाटकावर जाहीर लावावं लागतं. त्याला खाली एक खोली काढायची होती, आईसाठी. आई दर उन्हाळ्यात कोल्हापूरहून येते. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही, गेल्या वर्षी तिने तीन महिने बैठकीतल्या सोफ्यावर काढले. जूनच्या आत खोली व्हायची तर परवानगी आत्ताच हवी होती. संग्रामने मला नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बघ रे, तुला काही अडचण नाही ना? दार पूर्वेला घ्यायचं आप्पांनी सुचवलं.'

मी अंगठा पाठवला. मग नकाशा मोठा करून दाराकडे बघत बसलो. माझ्या घरात आप्पांनी कधी खुर्चीसुद्धा कुठे ठेवावी ते सुचवलं नव्हतं.

नकाशावर आमच्या दोघांच्या हद्दीवर एक बाण होता आणि इंग्रजीत लिहिलं होतं: सध्याचा डिच कायम राहील. डिच. मी इंग्रजी माध्यमात शिकलोय. डिच म्हणजे चर, पाणी वाहून जायला खणलेला खड्डा. मी खिडकीतून बघितलं. खाली उतरून, पायांत बूट घालून हद्दीच्या दोन्ही अंगांनी चालून बघितलं. चर कुठेच नव्हता. उंचवटा होता, झुडपं होती, आप्पांनी रचलेले दगड होते, पण खणलेला चर नव्हता. म्हणजे याने वादळाच्या निमित्ताने चर बुजवला आणि नकाशावर मात्र कायम दाखवला.

सापडला, असं मी मोठ्याने म्हणालो. खरं सांगतो, कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मी पत्र लिहिलं. अर्जदाराने डिच बुजवला आहे. पावसाळी पाणी माझ्या अंगणात शिरेल. मी ही जागा माझ्या खिडकीतून रोज पाहतो. भाषा छान जमली होती. खाली नाव आणि पत्ता सक्तीचा होता, तो लिहिला. आता हे वाचून कुणी म्हणेल, नावानिशी तक्रार करताना याला भीती कशी वाटली नाही? त्याचं कारण आप्पाच. लहानपणी मी त्यांच्या कचेरीत जायचो तेव्हा साहेबाच्या ड्रॉवरमध्ये अर्जांचा गठ्ठा असायचा. मोजणी लागली की भावाचा भावावर अर्ज यायचाच. काही निनावी, काहींवर सही. पण सहीवाला अर्जसुद्धा त्या ड्रॉवरच्या बाहेर कधी पडायचा नाही. नाव द्यायचं ते साहेबाला, शेजाऱ्याला नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की विचारावंसंही वाटलं नाही.

बॅलिनारा हे आमचं तालुक्याचं गाव म्हणा. चौकात करड्या दगडाचं कोर्टहाऊस आहे, दोनशे वर्षांचं. वरच्या मोठ्या खोलीत महिन्यातल्या एका गुरुवारी कोर्ट बसतं, एका सोमवारी त्याच खोलीत कौन्सिलर बसतात, आणि खाली उजव्या हाताला कौन्सिलचं कार्यालय आहे. मी गेलो तो नेमका कोर्टाचा गुरुवार होता. पायऱ्यांवर उसन्या वाटणाऱ्या कोटांत माणसं सिगारेटी ओढत उभी होती, एक वकीलबाई एकाला टाय नीट करायला सांगत होती. मला विट्याची कचेरी आठवली. फक्त पानाच्या पिचकाऱ्या नव्हत्या.

खिडकीतल्या बाईचं नाव बर्नी. तिने पत्र उलटसुलट करून बघितलं.

"नॉकडफ? संग्रामच्या शेजारी?"

"हो," मी हळूच म्हणालो.

"ग्रँड," ती म्हणाली आणि शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज मला जरा मोठाच वाटला.

वळलो तर वरच्या जिन्यावरून संग्राम उतरत होता. अंगात कोट, शेजारी टॉम डिलेनी, तोही दाढी करून आलेला.

"काय रे, तू इकडं कुठं?"

"मोटार टॅक्स," मी म्हणालो.

"ऑनलाइन भर की लेका! त्याला इथवर यायला लागतंय होय?" त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "आम्ही क्लबच्या लॉटरीचं लायसन्स घ्यायला आलतो. जज्जापुढं उभं राहायला लागतंय. मला वाटलं काय काय विचारतोय. तर म्हणतोय, यंदा टीम कशी आहे?"

टॉम हसला. मीही हसलो. जज्जसुद्धा याच्याशी टीमबद्दल बोलतो. बरं झालं पत्र दिलं, असं मी गाडीत बसून स्वतःला सांगितलं.

पुढचे दहा-बारा दिवस बांध चढत गेला. सहा आण्यांचे चार आणे झाले, मग दोन. एका संध्याकाळी सुचित्राने माझ्यासमोर लॅपटॉप मिटला.

"ज्ञानेश, तू जळतोस संग्रामवर."

"काहीतरीच."

"रोज खिडकीत बसून बघतोस. मग जा ना, आप्पांशी बोल. त्यांना साखळीबद्दल विचार, मोजणीबद्दल विचार. संग्राम तेवढंच तर करतो, विचारतो."

मी म्हणालो, मला वेळ नाही. पत्राबद्दल तिला सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी दार वाजलं. बाहेर पिवळं जाकीट घातलेली एक तरुण बाई, हातात फाइल. कौन्सिलची तपासनीस, ब्रेनन.

"तुम्हीच पत्र लिहिलंत ना? म्हटलं, आलेच आहे तर तुम्हीच जागा दाखवा."

तिच्यामागे रस्त्यावर संग्राम उभा होता. टॉमचा ट्रॅक्टर थांबला होता. आप्पा दगडावर बसून बुटातली माती काढत होते. मला दार लावून घ्यावंसं वाटलं. पण फाइलमध्ये सगळ्यात वर माझंच पत्र होतं, माझ्या नावापत्त्यासकट, आणि संग्रामची नजर त्यावर नव्हती. ज्याने वाचलेलं असतं तोच असं बघायचं टाळतो. त्याला माहीत होतं.

मी घरातल्या सपाता घालूनच निघालो. आवाज चढवला की खरं वाटतं, म्हणून मोठ्याने बोलत होतो. नीट दाखवता यावं म्हणून उंचवट्यावर चढलो, झुडपाला धरून उभा राहिलो आणि दोन्ही बाजूंना हात केले.

"बघा. इकडे नाही, तिकडे नाही. डिच कुठेय?"

ब्रेननबाईने फाइलकडे बघितलं, मग माझ्या सपातांकडे. शेवटी टॉम डिलेनीने टोपी मागे सारली.

"अरे, तू त्याच्यावरच उभा आहेस," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ब्रेननबाई अगदी हळू, पेशंटशी बोलावं तसं बोलली. इथे मातीच्या बांधालाच डिच म्हणतात. खणलेला असतो त्याला ड्रेन. बाहेरून आलेल्यांचा नेहमी घोटाळा होतो, इंग्रजांचासुद्धा. डिच तर उत्तम दिसतोय, कुणी बांधला?

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी रागावू तरी शकलो असतो. मी वरून उतरलो, एक सपात चिखलात रुतली, ती काढायला वाकलो.

"काय म्हंतीया बाई?" आप्पांनी विचारलं.

संग्राम पटकन म्हणाला, "काही नाही आप्पा, बांध बघायला आलीया. ज्ञानेशनं काळजीनं कळवलं होतं हापिसात, पाणी तुंबंल म्हणून. चांगल्यासाठीच."

माझी लाज झाकायला तो माझ्याच बापाशी खोटं बोलत होता. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता.

आप्पांनी बूट पायांत चढवला. "संग्राम, मला विंग्रजी न्हाई येत. पर टॉम रोज म्हंतोय, डिच, डिच. एवढा एक शब्द मी शिकलोय. डिच म्हंजी बांध." मग माझ्याकडे बघितलं. "त्येवढा तुला ठावा नव्हता व्हय?"

ब्रेननबाई गेली. टॉमने ट्रॅक्टर सुरू केला. आप्पा चिखलातून माझ्यामागे घरी आले. मी चहा टाकला, आलं किसून, त्यांना आवडतो तसा, आणि कप पुढे ठेवला.

"अर्जावर सही हाय का तुजी?"

"आहे."

"बरं केलंस. निनावी असता तर मला तुजं तोंड बघवलं नसतं." कप त्यांनी बोटाने टेबलाच्या मधोमध सरकवला. "सदतीस वर्सं मोजणी केली. अर्ज असंल तर दोन्ही अंगाच्या कुणाकडं च्या घेतला न्हाई. उन्हाचं, तहानलेलं असलो तरी न्हाई. अर्ज हाय तवर तुज्या घरचा च्या नको, त्येच्याबी घरचा नको."

"आप्पा, मी मुलगा आहे तुमचा."

"म्हणून तर सांगतोय. परक्याला कारण सांगितलं नसतं."

तो चहा तसाच साय धरून गार झाला. पुढचे दोन दिवस त्यांनी आमच्या घरी चहा घेतला नाही आणि संग्रामकडेही गेले नाहीत. गमबूट दारात उलटे ठेवलेले. बांधाचे शेवटचे दोन आणे तसेच उघडे राहिले. आप्पा पुन्हा रेडिएटरशेजारी बसले, विचारलं की म्हणायचे, "बरं हाय." मला हवं होतं तेच झालं होतं, ते संग्रामकडे जात नव्हते. आणि मला घरात श्वास घेववत नव्हता. पंधरा मार्चला सतरा दिवस उरले होते. हा माणूस माझ्या हातचा चहा न घेता विमानात बसेल आणि मग परत येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

संध्याकाळी मी खिंडारापाशी गेलो. संग्राम पलीकडून एकटाच दगड लावत होता.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच. सगळं कौन्सिलच्या वेबसाईटवर असतं रे, तुझी सहीसुद्धा."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने दगड ठेवला आणि हात पुसले. "आप्पा जाईपर्यंत थांबलो होतो. ते विमानात बसले की तुला चांगला हाणणार होतो." तो हसला नाही. "ज्ञानेश, आईची खोली आहे ती. मला वाटलं होतं तू मला येऊन विचारशील, अरे संग्राम, डिच म्हणजे काय रे?"

एक दगड पायाशी होता, तो उचलून मी त्याच्याकडे दिला. त्याने तो घेतला, उलटा करून बघितला आणि बाजूला ठेवला. तो बसण्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र मागे घेतल्याचा कागद टाइप केला आणि आप्पांना म्हणालो, बॅलिनाराला जातोय, येता का? त्यांनी स्वेटर चढवला. कोर्टहाऊसच्या पायऱ्या त्यांनी कठड्याला हात लावून चढल्या, दगडाचे सांधे बघत. बर्नीने कागद घेतला, नाव वाचलं आणि वर बघितलं.

"ओह, तुम्ही ते डिचवाले!"

मागच्या टेबलावरच्या दोघींनीही मान वर केली. मी म्हणालो, हो, तोच. तिने शिक्का मारला.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

"मग आता च्या पाज."

चौकातल्या छोट्या हॉटेलात आम्ही बसलो. चहा नुसता दुधाळ होता, आप्पांनी तीन चमचे साखर घातली आणि दोन घोटांत संपवला. मग आणखी एक मागवला. मी विचारलं, साखळीचे सोळा आणे का, दहा का नाहीत? त्यांनी चमचे आणि साखरेच्या पुड्या मांडून मला सगळं सांगितलं, तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मला बरंच कळलं. मध्येच ते म्हणाले, "संग्रामला येकदाच सांगितलं, लगेच उमगलं," आणि मी पुडी उचलून चहात रिकामी केली.

परत येताना ऊन पडलं होतं. गेलेल्या दोन दिवसांत गावात काय काय बोलणं झालं असेल याचा विचार करत मी गाडी हळू चालवत होतो. वळणावरून टॉम डिलेनीचा ट्रॅक्टर आला. मी कडेला घेतली. टॉमने काचेतून आत बघितलं, नीट बघितलं, आणि बोट वर केलं. अर्धं नाही, निम्म्यात खाली बसलेलं नाही, सबंध बोट, वर हसूसुद्धा. चार वर्षांत पहिल्यांदा. मी स्टिअरिंगवरून बोट उचललं.

"त्ये तुला न्हाई," शेजारून आप्पा म्हणाले. "मला केलं त्येनं."

मी वळून बघितलं. मांडीवरच्या मुठीतून त्यांचंही एक बोट वर आलेलं होतं, मातीने काळं झालेलं. मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला, आणि या वेळी संग्राम जवळपास कुठेही नव्हता. मी माझं बोट परत स्टिअरिंगवर ठेवलं. ट्रॅक्टर वळणाआड दिसेनासा होईपर्यंत आप्पांनी त्यांचं तसंच वर धरून ठेवलं होतं.